दावणीचं जनावर, म्हातारपणाची उभारी

घरातलं म्हातारं माणूस थकलं की आपण काय करतो? "आता बसून खा" म्हणतो आणि त्याची शेळी नाहीतर गाय बाजारात नेतो. हेतू चांगलाच असतो. पण दावण रिकामी झाली की पहाटे उठायचं कशासाठी, हे त्या माणसाला कळेनासं होतं. गावोगाव फिरताना असे ओट्यावर नुसते बसलेले आजोबा पुष्कळ दिसतात.

यावर अमेरिकेतला एक अनुभव सांगण्याजोगा आहे. न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन गावी चेस मेमोरियल हे नर्सिंग होम होते. तिकडे नर्सिंग होम म्हणजे परस्वाधीन झालेल्या वृद्धांची कायम राहण्याची जागा. तेथे सुमारे ८० वृद्ध होते. तेथील डॉ. बिल थॉमस स्वतः शेतावर राहणारे. या माणसांना कंटाळा, एकटेपणा आणि हतबलता हे तीन रोग पोखरतात, असे त्यांचे निदान होते. त्यांनी १९९१ साली तेथे २ कुत्री, ४ मांजरे, १०० लहान पोपट, शिवाय ससे आणि कोंबड्या आणल्या. गंमत म्हणजे पोपट आले, पण पिंजरे आलेच नव्हते! ती तारांबळ बघून म्हातारी मंडळी खूप दिवसांनी पोटभर हसली.

पुढे वृद्ध पोपटांना नावे ठेवू लागले. चालत नसलेली माणसे "कुत्र्याला मी फिरवून आणतो" म्हणू लागली. दोन वर्षांत दुसऱ्या एका नर्सिंग होमशी तुलना केली, तेव्हा येथे माणशी औषधे निम्मी लागत होती आणि मृत्यू १५ टक्क्यांनी कमी होते. जगायला काहीतरी कारण लागते, असे डॉ. थॉमस यांचे म्हणणे.

ही हकिगत डॉ. अतुल गावंडे यांनी २०१४ सालच्या 'बीइंग मॉर्टल' पुस्तकात दिली आहे. त्यांचे आजोबा आपल्या विदर्भातले, उमरखेडकडच्या उटी गावचे शेतकरी. शंभरी उलटल्यावरही ते घोड्यावर बसून शेताची पाहणी करीत. घरच्यांनी त्यांचे काम काढून घेतले नव्हते.

मात्र काळजी हवीच. म्हाताऱ्या माणसाच्या हाती ओढ घेणारी म्हैस किंवा मारका बैल देऊ नये. पडल्यास खुबा मोडतो. एखादी गरीब शेळी किंवा चार कोंबड्या पुरेत. जनावरांना वेळेवर जंताचे औषध पाजावे, कुत्र्याला रेबीजची लस टोचावी. दमेकऱ्याने खुराडे झाडू नये. जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. जड काम घरच्यांनी करावे. चारा-पाणी आणि लक्ष ठेवणे आजोबांकडे राहू द्यावे.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, बाजाराच्या दिवशी दावं सोडण्याआधी एकदा आजी-आजोबांना विचारा. शेळीचे पैसे खर्चून जातील, गेलेली उमेद विकत मिळत नाही.