हान्लेला निघालेली जिप्सी

लाहौलमध्ये टांडीच्या पेट्रोलपंपावर एक पाटी आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असं ती सांगते. मनालीहून लेहला जाणारे बहुतेक जण तिथे उतरतात, फोटो काढतात आणि टाकी काठोकाठ भरतात. मारुती जिप्सीची टाकी चाळीस लिटरची. मैदानात ही गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते, म्हणजे कागदावर हिशेब जमतो. पण बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी सामान लादून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायच्या म्हटलं की ती आठावर येते आणि लेहच्या अलीकडेच टाकी तळ गाठते. पाना हातात घेण्याआधी वही-पेन्सिल घ्यावी लागते ती यासाठी.

जिप्सी मुळात सुझुकीची एसजे मालिका. मारुतीने ती १९८५ साली भारतात आणली, तेव्हा इंजिन जेमतेम एक लिटरचं होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं आलं, २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. २०१९ मध्ये, सुरक्षेचे नवे नियम दारात उभे असताना, उत्पादन थांबलं. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढेमागे चारही चाकांना बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले पाटे. ताशी ऐंशीच्या वर गेलं की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तरी लष्कर, पोलिस, वनखातं आणि रॅलीवाले यांनी तिला तीस वर्षं सोडलं नाही. १९९९ साली सुरू झालेल्या ‘रेड द हिमालय’मध्ये तर जिप्सींची रांगच असायची.

कारण वजन. सॉफ्ट टॉप जिप्सी रिकामी असताना हजार किलोच्या आत भरते. नाशकात बनणारी आजची थार तिच्यापेक्षा शेकडो किलोंनी जड आहे. थारला टर्बो आहे, ताकद भरपूर आहे, एसी आहे, आणि पुण्याहून मनालीपर्यंतचे दोन हजारेक किलोमीटर पाठीचा भुगा न होता पार पडतात, हे सगळं मान्य. पण वाळूत, चिखलात, सैल दगडगोट्यांत हलकी गाडी रुतायला उशीर लावते आणि रुतलीच तर चार माणसं तिला ढकलून काढतात. जिप्सीच्या तयारीचं सगळं शास्त्र म्हणजे हा हलकेपणा जपणं. दुर्दैवानं गाडी ‘तयार’ करायची म्हटलं की लोक नेमकं उलटं करतात.

एक साधी बेरीज करा. टपावरचं लोखंडी कॅरिअर चाळीस किलो, त्यावरचा तंबू साठ किलो, पुढचा जाडजूड बंपर चाळीस-पन्नास, विंच तीस-चाळीस. म्हणजे माणूस, पाणी, पेट्रोल गाडीत चढण्याआधीच पावणेदोनशे किलो झाले, त्यातलं निम्मं डोक्यावर. अरुंद, उंच गाडीच्या डोक्यावर शंभर किलो ठेवून आडव्या उताराच्या वळणावर जायचं, याला तयारी का म्हणायचं? विंचचं तर मला कायम नवल वाटतं. लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर मैलोन्‌मैल झाड नाही. दोर बांधणार कशाला? विंचच्या वजनात एक फावडं, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा आणि दोन शॅकल येतात आणि तरी काही किलो उरतात. साखळी मात्र घरीच ठेवावी. झटक्यानं तुटली तर तिची कडी काच फोडून आत येते.

आता हवा. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढंच पेट्रोल जाळू शकतं, म्हणून ८० अश्वशक्ती तिथे पन्नासच्या आत येते. इंजेक्शनवाल्या जिप्सीत सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो. कार्ब्युरेटरवालीला ते कळत नाही. ती जास्त पेट्रोल ओढते, काळा धूर सोडते, प्लग काळे करते. तिला जेट बदलून न्यावं लागतं. २००७ साली चिलीतल्या दोघांनी याच घराण्यातली सामुराई ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरपर्यंत चढवली आणि मोटारीनं गाठलेल्या उंचीचा विक्रम केला. त्यांनी इंजिनाला सुपरचार्जर बसवला होता. आपल्या गाडीत तो नाही, तर उपाय एकच. टायर मोठे करायचे नाहीत. गॅरेजात पहिला आग्रह त्याचाच होतो, कारण उंच टायरवर गाडी रुबाबदार दिसते. पण चाकाचा घेर वाढला की प्रत्येक गिअर लांब होतो, आणि पन्नास अश्वशक्तीत तांगलांग लाच्या चढावर दुसरा गिअर ओढेनासा होतो. मूळ २०५/७० आर १५ मापाचेच, पण जाड बाजूंचे एटी (ऑल-टेरेन) टायर हवेत. मड टायरची खडबडीत नक्षी सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलासाठी ठीक आहे. दोन हजार किलोमीटर डांबरावर ते फक्त बोंब मारतात.

कमी हवेचा आणखी एक परिणाम लोकांच्या ध्यानात येत नाही, तो ब्रेकवर. ब्रेकचा बूस्टर इंजिनातली पोकळी आणि बाहेरची हवा यांच्या दाबातल्या फरकावर चालतो. बाहेरचा दाबच निम्म्यावर आला की पायाला मिळणारी मदतही तशीच घटते. पेडल दगडासारखं लागतं आणि ब्रेक गेल्याची भीती वाटते. ब्रेक गेलेला नसतो, जोर जास्त लावायचा असतो. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यानं ओलावा शोषलेला असतो, आणि लांब उतारावर ते उकळून पेडल सरळ खाली जातं. म्हणून निघण्यापूर्वी ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं, आणि ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

टायरच्या हवेची गंमत निराळी. पुण्यात दुपारी तीस अंश तापमानात ३२ पीएसआय भरली आणि गाडी लडाखमधल्या हान्लेला, साडेचार हजार मीटरवर नेली, तर बाहेरचा दाब उतरल्यामुळे तीच हवा गेजवर ३७ दिसेल. पण पहाटे पारा शून्यावर आला की आकडा पुन्हा ३३ च्या आसपास. सकाळी बरोबर आणि दुपारी टणक, असा खेळ रोज चालतो. म्हणून स्वतःचं गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवाच. लहरी पडलेल्या कच्च्या रस्त्यावर हवा वीस-बावीसपर्यंत उतरवली की गाडीचे आणि मणक्यांचे निम्मे हाल वाचतात. डांबर लागलं की परत भरायची.

आता गाडीखाली जाऊ. जिप्सीचा ट्रान्स्फर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारी आणि ‘लो’ गिअर देणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. मध्ये आखूड शाफ्ट आहे आणि पेटी चेसिसला रबरी माउंटवर टांगलेली आहे. हे रबर वीस वर्षांत भेगाळतं. शहरात त्यानं फक्त थरथर जाणवते. दगडांच्या चढावर लो गिअरमध्ये पूर्ण जोर लावला की पेटी जागेवरून हलते, शाफ्टचे क्रॉस वेडेवाकडे फिरतात, दांडा गिअरमधून निसटतो. रबराची किंमत काही शे रुपये. गाडी दूरवर बंद पडते तेव्हा दोष बहुधा अशाच कुठल्या रबरात, सीलमध्ये किंवा पाइपात सापडतो, आणि बहुतेक तयारी नेमकी याच वस्तूंना वगळून होते, कारण त्या दिसत नाहीत. रेडिएटरचे सगळे पाइप, फॅनबेल्ट, पेट्रोलचे रबरी नळ, पाट्यांचे बुश, शॉकअपचे बुश हे सगळं चांगलं दिसत असलं तरी बदलून टाकावं. काढलेला बेल्ट मात्र फेकू नये; तो सीटखाली स्पेअर म्हणून राहतो.

पुढच्या चाकांमागे, जिथे अ‍ॅक्सल वळतो, तिथे मोठा गोल सील असतो. तो फाटला की आतलं ग्रीस-ऑइल गळतं आणि धूळ आत जाते. तिथली किंगपिनची बेअरिंग सैल झाली की ताशी साठ-सत्तरला स्टिअरिंग थडथडायला लागतं. त्यावर डॅम्पर बसवून लक्षण झाकायची रीत आहे. आडगावी जायचं तर ती चालत नाही. हब उघडून बेअरिंगच बदलावं लागतं.

ओढे ओलांडायचे असतील तर डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छिद्र, बघावा. तास-दोन तास चालून डिफरन्शियल तापलेलं असतं. बर्फाच्या पाण्यात शिरताच आतली हवा आक्रसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढते. संध्याकाळी झाकण उघडावं तर आतलं ऑइल दुधाळ झालेलं. उपाय पन्नास रुपयांचा: ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनापर्यंत वर न्यायची. स्नॉर्कलच्या चकचकीत नळीपेक्षा ही नळी खरी कामाची. नाले उन्हाबरोबर फुगतात, हेही विसरू नये. ग्राम्फू–बातल रस्त्यावरचा नाला सकाळी सातला घोट्याएवढा आणि दुपारी तीनला चाकावर असतो. पहाटे थोडं लवकर उठण्याची तयारी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

कूलंटचं सांगायला हवं, कारण आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय आहे आणि आपल्या हवेत ते खपतं. सर्चूला सप्टेंबरच्या रात्री ते गोठतं, प्रसरण पावतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. अर्धं कूलंट, अर्धं शुद्ध पाणी या मिश्रणाला उणे पस्तीसच्या खालपर्यंत भीती नाही. डिझेल गाडीवाल्यांना थंडीत आणखी एक काळजी असते, डिझेलमध्ये मेण धरण्याची. इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी.

सुट्या भागांची चिंता वाटते तेवढी नाही. लष्कर आणि पोलिसांनी इतक्या जिप्सी वापरल्या की पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या काश्मिरी गेटला आणि मायापुरीच्या भंगारात अजून बरंच काही सापडतं. सोबत काय न्यायचं यावर मात्र भांडणं होतात. माझं मत असं: जे तुटलं तर गाडी हलणारच नाही आणि जे रस्त्याकडेला बसून बदलता येईल, तेवढंच. पेट्रोलपंप (टाकीतला), फ्यूज आणि रिले, एक क्लचवायर, प्लग, एक क्रॉस, पाइप बांधायच्या क्लिपा, तार, आणि एखादा पाटा मोडला तर तो आवळून बांधायचे यू-बोल्ट. क्लचप्लेट नेऊन उपयोग नाही. ती खोलायला उचलायचं सामान हवं.

पेट्रोलचा कॅन एकच, वीस लिटरचा, पोलादी, आणि टपावर नव्हे तर आत, पट्ट्यानं बांधलेला. टाकीबाहेर पेट्रोल बाळगायची मुभा कायद्यानं खासगी माणसाला परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंतच आहे. लेहहून हान्ले जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या वर होतं. साठ लिटरमध्ये ते काठावर बसतं. गावात कॅनमधून विकलं जाणारं पेट्रोल घ्यावंच लागलं तर मलमलच्या फडक्यातून गाळून.

कायद्याचा विषय निघालाच आहे. कंपनीनं दिलेल्या रचनेत मोठा बदल करायला मोटार वाहन कायदा मनाई करतो आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. पंधरा वर्षांच्या वरची जिप्सी असेल तर पुनर्नोंदणीचे कागद आधी बघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि परदेशी व्हिडिओ बघून कुणी उपग्रहावरून निरोप पाठवणारं उपकरण मागवणार असेल तर थांबावं. भारतात ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशाच उपकरणामुळे एका परदेशी प्रवाशाला पोलिसांना सामोरं जावं लागलं होतं.

हान्लेपर्यंतचा रस्ता आता बराचसा डांबरी आहे, हेही सांगून टाकावं. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आणि दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण जिथे आहे, तिथे टॅक्सीही जातात. फोर बाय फोरची गरज लागते ती खिंडीत अवेळी बर्फ पडल्यावर, दरड कोसळून रस्ता नदीपात्रातून वळवल्यावर, वाळूचा पट्टा लागल्यावर. तेव्हाच्या दहा-वीस मिनिटांसाठी हे सगळं. रस्ता सोडून कुरणात चाक घालायचा तो परवाना नाही. चांगपा लोकांची जनावरं ज्या गवतावर जगतात आणि काळ्या मानेचे क्रौंच जिथे घरटी करतात, त्या ओल्या जमिनीत उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं राहते. २०२३ च्या नाताळाच्या सुमारास लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार घालणाऱ्याला पोलिसांनी दंड केला, ते बरंच झालं.

शेवटचं काम घरापासून जवळच करायचं. गॅरेजमधून गाडी आली की दुसऱ्या दिवशी निघायचं नाही. नव्यानं बसवलेली प्रत्येक वस्तू चुकीची बसलेली असू शकते. अनुभवी मिस्त्री महत्त्वाच्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढतात, नटावरून बोल्टवर जाणारी. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. सगळं सामान, पाणी, भरलेला कॅन, माणसं, जशी जायची तशी गाडी भरून माळशेजमार्गे भंडारदऱ्याला जाऊन यायचं. रतनवाडीच्या बाजूला खराब रस्ता मुबलक आहे. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की गाडी जॅकवर घ्यायची, टॉर्च घेऊन खाली झोपायचं आणि रेघा तपासायच्या. हललेले नट पुन्हा आवळायचे. मग सगळं सामान अंगणात उतरवायचं आणि दोन दिवसांत ज्याला हात लागला नाही त्यातलं अवजारं, सुटे भाग, पाणी आणि औषधं सोडून बाकी सगळं घरात परत न्यायचं.