वॉरंटी संपल्यानंतरचा टीव्ही : वऱ्हाडातल्या चाळीस वर्षांचा मागोवा

अमरावती-अकोल्याकडे नवा टीव्ही घरात येतो तो बहुधा दोन वेळी : दिवाळीच्या आगेमागे, नाहीतर लग्नसराईत. नोकरदाराचा बोनस, कापसाचे चुकारे, मुलीच्या आंदणाची यादी, निमित्त यांपैकी एखादं. त्यामुळे इथल्या टीव्हींची वॉरंटीही घाऊक भावातच संपते. पुढे उन्हाळा तापू लागला की दुरुस्तीच्या दुकानांत तीच ती तक्रार ऐकू येते : आवाज येतो, चित्र येत नाही. त्यामागचं वाक्यही ठरलेलं, ‘वारंटी आत्ताच तर संपली न भाऊ!’

ही हळहळ तशी अलीकडची आहे. ऐंशीच्या दशकातले संच आजच्यापेक्षा जास्त वेळा बिघडायचे, पण त्यांची वॉरंटी कधी संपली हे कुणाच्या लक्षातही नसे. बिघाड तेव्हाही होते, मग एका तारखेची एवढी धास्ती कुठून आली, हे समजायचं तर चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

मेकॅनिकचे दिवस

दिल्लीत दूरदर्शन १९५९ साली सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वऱ्हाडातल्या घरांत टीव्ही दिसू लागला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी चित्र रंगीत झालं, १९८४ नंतर देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाल्यावर ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांनाही तो घ्यावासा वाटू लागला. क्राउन, वेस्टन, डायनोरा, ईसी टीव्ही, पुढे ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन. लाकडी कपाटासारखी पेटी, पुढं सरकतं दार, गच्चीवर लोखंडी पाइपाला बांधलेला अँटेना.

या पेटीत बिघडण्यासारखं पुष्कळ होतं, पण जवळजवळ सगळं बदलण्यासारखंही होतं. चित्र आडव्या रेघेत आकसलं तर दोष कुठल्या भागात शोधायचा हे मेकॅनिकला ठाऊक असे. संच अजिबात सुरू होत नसेल तर संशय पॉवर सप्लायवर, नाहीतर लाइन आउटपुटच्या ट्रान्झिस्टरवर. बीयू २०८ हा ट्रान्झिस्टर त्या काळात इतक्या कंपन्यांच्या संचांत असायचा की मेकॅनिकच्या पिशवीत तो नेहमीच सापडायचा. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिक हा स्वतंत्र ट्रेड होता, सर्किट डायग्रामची जाड पुस्तकं बाजारात मिळत. एका कंपनीचं गुपित दुसऱ्या कंपनीपेक्षा फार वेगळं नसल्यामुळे सायकलवर पिशवी अडकवून फिरणारा माणूस गावातले बहुतेक सगळे टीव्ही उघडू शकत होता.

महाग होती ती एकटी पिक्चर ट्यूब. ती कमजोर झाली की चित्र उजळायला वेळ लागे, रंग फिके पडत, आणि मेकॅनिक काही ना काही युक्ती करून तिचं आयुष्य वर्ष-दोन वर्षं लांबवी. बाकी दुरुस्ती म्हणजे पाच-पन्नासचा पार्ट आणि मजुरी. वॉरंटी कार्ड कपाटात पडून राहायचं, कारण खरी हमी कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेली असायची.

लाइन गेली, लाइन आली

वऱ्हाडी माणूस विजेला ‘लाइन’ म्हणतो, आणि इथल्या टीव्हीचा मोठा शत्रू ही लाइनच होती. रब्बीत विहिरींवरचे पंप सुरू झाले की खेड्यांतला दाब पडायचा, चित्र चारी बाजूंनी आत यायचं. म्हणून टीव्हीशेजारी स्टॅबिलायझरचा डबा हे त्या काळातल्या बैठकीच्या खोलीचं ठरलेलं दृश्य होतं. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. त्यानंतरची काही वर्षं विदर्भाच्या ग्रामीण भागाला लोडशेडिंगनं पिळून काढलं. अकोला जिल्ह्यातच पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या धुराड्यांच्या टप्प्यातली गावंही अंधारात बसायची.

गेलेली लाइन परत येते तेव्हाचा झटका, पावसाळ्यातली वीज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खांबावरचा न्यूट्रल तुटणं. न्यूट्रल तुटला की घरातल्या २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब चढू शकतो, आणि टीव्ही, फ्रिज, पंखा असे सगळे एकदम जातात. आता वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचावी : दाबातला चढउतार, वीज पडणं, कीटक, उंदीर यांच्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, असं बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. म्हणजे वऱ्हाडात टीव्ही ज्या कारणांनी हमखास जातो, ती कारणं पहिल्या दिवसापासूनच हमीच्या बाहेर. आजचे संच कमी दाबावरही चालतात म्हणून स्टॅबिलायझर घरातून गेला. झटक्यापासून मिळत होतं ते थोडंफार संरक्षणही त्याच्याबरोबर गेलं.

पडदा पातळ झाला

नव्वदच्या दशकात बाजार उघडला. सॅमसंग १९९५ मध्ये आली, एलजी १९९७ मध्ये. जुना टीव्ही द्या, नवा घेऊन जा, अशा अदलाबदलीच्या योजना अकाईनं गाजवल्या. संच दुरुस्त करण्याऐवजी बदलायचा असतो, हा विचार तेव्हा पहिल्यांदा घराघरांत शिरला. पण बदलून गेलेला टीव्ही भंगारात न जाता बहुधा खेड्यातल्या घरी नांदायला जायचा, कारण तो अजून उघडता येत होता.

खरा फरक पडला तो पातळ पडद्यानं. आधी एलसीडी, मग एलईडी. मार्च २०१८ मध्ये शाओमीनं ३२ इंची स्मार्ट टीव्ही १३,९९९ रुपयांना आणला आणि बाकीच्या कंपन्यांना भाव खाली आणावे लागले. तीस वर्षांपूर्वी रंगीत टीव्ही दहा-पंधरा हजारांना मिळायचा, तेव्हा तो कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार होता. आता तेवढ्याच आकड्यात त्याहून मोठा पडदा मिळू लागला. वॉरंटी मात्र बहुतेक ठिकाणी एका वर्षाचीच राहिली, पॅनलला फार तर आणखी एक वर्ष.

आत काय उरलं? एक पॉवर सप्लाय, एक मुख्य बोर्ड, पॅनल चालवणारा लहान बोर्ड, आणि पॅनलमागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या. हे दिवे माळेतल्या दिव्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की अख्खी पट्टी विझते, बोर्ड सगळाच प्रकाश बंद करतो, आणि घरच्यांना दिसतो काळा पडदा. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर बारीक टॉर्च धरली तर चित्र अंधुक दिसतं. म्हणजे पॅनल शाबूत आहे, दिवे गेले आहेत. पट्ट्या बदलण्याचं काम ३२ इंची संचात दोन-तीन हजारांत होऊ शकतं. पॅनल गेलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा एकट्या पॅनलचाच असतो.

ग्राहक नेमका इथं फसतो. कंपनीचं अधिकृत केंद्र बोर्ड किंवा पॅनल अख्खं बदलतं, आतला सुटा पार्ट बदलण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. काळा पडदा पाहून खर्चाचा अंदाज नव्या टीव्हीच्या जवळपास गेला की गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, जाऊ द्या, नवाच घेऊ.

मग वॉरंटी संपल्यावरच टीव्ही का जातो? कंपन्या आत घड्याळ लावून ठेवतात, असं चावडीवर बोललं जातं. एवढ्या कारस्थानाची गरजच नाही. उत्पादनातला ढोबळ दोष पहिल्या काही महिन्यांत उघड होतो आणि तो वॉरंटीत निघतो. त्यानंतर सुरू होते झीज, आणि ती किती लवकर सुरू व्हावी हे किमतीत ठरतं. खर्च वाचवायला दिव्यांची संख्या कमी ठेवली की उरलेल्या दिव्यांतून जास्त करंट न्यावा लागतो, ते जास्त तापतात. दुकानात उठून दिसावं म्हणून पडदा सगळ्यात प्रखर ठेवलेला असतो, आणि घरी आल्यावर तो कुणी कमी करत नाही.

त्यात आपला उन्हाळा. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं गणित इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पाठ असतं : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकेल, ७५ अंशांवर १६,००० तास. रोज आठ तास टीव्ही चालतो असं धरलं तर पहिल्या हिशेबानं अकरा वर्षं, दुसऱ्यानं साडेपाच. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा गावात पत्र्याखालच्या खोलीत, भिंतीला चिकटवून लावलेल्या संचाची पेटी किती तापत असेल याचा अंदाज कुणालाही यावा. आणि आजचे संच स्मार्ट असल्यामुळे आणखी एक मरण त्यांच्या वाट्याला आलं आहे : पडदा धडधाकट, पण आतली अ‍ॅप जुन्या प्रणालीवर चालेनाशी होतात.

हमी देणारी कंपनीच बसली तर

महाराष्ट्राला याचा एक मोठा धडा घरातच मिळाला. धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन ही मराठवाड्यात वाढलेली कंपनी. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला तिचा कारखाना. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतला पहिला रंगीत टीव्ही तिचाच होता. २००५ साली तिनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जागतिक धंदा विकत घेतला, आणि जग त्याच सुमारास पिक्चर ट्यूबकडे पाठ फिरवू लागलं होतं. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल झाली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धच्या दाव्यांना कायद्यानंच स्थगिती मिळते आणि वॉरंटीवाला ग्राहक येणेकऱ्यांच्या लांब रांगेत उभा राहतो. कार्डावरची तारीख जिवंत आणि कार्ड देणारा आजारी, अशी ही अवस्था. ग्राहकासमोर तेव्हा प्रश्न उरतो एकच : हा संच कंपनीशिवाय दुरुस्त होतो का?

कायदा कुठं पोचला

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदा नव्हता. तो आला १९८६ मध्ये, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच झाले. त्या कायद्यात एक अडचण होती : तक्रार समोरच्या पक्षाचं कार्यालय किंवा शाखा जिथं, किंवा तक्रारीचं कारण घडलं तिथं करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यानं ती दूर केली. आता धारणीच्या माणसानं ऑनलाइन टीव्ही घेतला आणि कंपनी बंगळुरूची असली तरी तक्रार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत आहे ती तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

वॉरंटी संपली म्हणजे सगळे हक्क संपले, असं कायदा म्हणत नाही. त्यातल्या ‘दोषा’च्या व्याख्येत लेखी कराराबरोबर गृहीत धरलेला करारही येतो. चाळीस हजारांचा टीव्ही तेराव्या महिन्यात जाणार नाही, ही अपेक्षा त्यात बसवता येते. मात्र दोष मुळातला होता हे दाखवण्याचा भार ग्राहकावर येतो, आणि तिथं तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. बहुतेक तक्रारी लंगड्या पडतात त्या या कागदाअभावी.

युरोपनं दुसरी वाट धरली. तिथं विकणाऱ्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी आहेच. शिवाय मार्च २०२१ पासून टीव्हीचे पॉवर सप्लाय, मोठे कपॅसिटर असे ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली. सुरुवात भल्या विचारानं झाली आहे, पण सक्ती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवा टीव्ही स्वस्त झाला. दुरुस्तीच्या सेवेवरचा १८ टक्के कर होता तसाच राहिला. 

आता काय करावं

वॉरंटी दोन वर्षांची असावी ही मागणी रास्त आहे, पण ती पुरी झाली तरी रडगाणं पंचविसाव्या महिन्यात सुरू होईल. मागायला हवेत ते सुटे भाग, त्यांचे जाहीर भाव आणि सर्किटची माहिती. बोर्डावरचा एकेक पार्ट तपासणारी माणसं अमरावती-अकोल्यात अजून आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमधून पट्ट्या मागवून ते रोज मेलेले पडदे उजळवतात. त्यांच्या हाती कंपनीचा अस्सल पार्ट पडत नाही, एवढीच खोट आहे.

तोवर ग्राहकानं आपल्यापुरतं एवढं करावं. घेतानाच पॅनलची वॉरंटी किती आणि ते बदलायला किती लागतील, हे लेखी विचारावं. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे पाहून घ्यावी. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा, संच भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा, घरात सर्ज प्रोटेक्टर लावून घ्यावा. आणि वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी कोपऱ्यांत काळोखी, पांढरे ठिपके किंवा रेघ दिसते का ते पाहून तक्रार नोंदवावी. मुदतीत नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक पुढे आयोगात कामी येतो.

मुदत उलटून गेली असेल तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तरी हालचाल झाली नाही तर जिल्हा आयोगात जा. पण त्याआधी तुमचा टीव्ही गावातल्या एका चांगल्या मेकॅनिकला उघडून पाहू द्या आणि काय गेलं ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. दुरुस्ती झाली तर पैसे वाचतील. नाही झाली तर तोच कागद तुमचा पहिला पुरावा ठरेल.