हिरवी शाल आणि मतपेटी
हुबळी-धारवाडच्या शेतकरी राजकारणाचा आढावा

१९८९च्या नोव्हेंबरात कर्नाटक विधानसभेची निवडणूक झाली. २२४ जणांच्या सभागृहात काँग्रेसने १७८ जागा मिळवल्या आणि जनता दल २४ जागांवर अडकला. या लाटेतही कर्नाटक राज्य रयत संघ या शेतकरी संघटनेने दोन जागा घेतल्या. धारवाड ग्रामीण आणि कित्तूर या दोन्ही मतदारसंघांतून एकच माणूस निवडून आला होता: बैलहोंगल तालुक्यातल्या चिक्कबागेवाडीचे शेतकरी बाबागौडा पाटील. पैशाचे पाठबळ नाही, मोठा पक्ष नाही, खांद्यावर फक्त रयत संघाची हिरवी शाल. असा माणूस दोन ठिकाणी कसा निवडून येतो, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याचे राजकारण का ओसरते, या दोन प्रश्नांत उत्तर कर्नाटकाच्या शेतकरी राजकारणाचा बराचसा इतिहास येतो.

बंडाची जमीन

या राजकारणाची सुरुवात मलप्रभा नदीच्या पाण्यापासून झाली. सौंदत्तीजवळ नविलतीर्थ येथे सत्तरच्या दशकाच्या आरंभी धरण झाले आणि कालवे नवलगुंद-नरगुंदच्या काळ्या रानांत शिरले. कोरडवाहू ज्वारी-कापसावर जगणाऱ्या या पट्ट्याला सरकारने बागायतीचे स्वप्न दाखवले. पण काळ्या जमिनीला पाणी जपून द्यावे लागते. नाही तर ती चिबडते, मीठफुटी होते. कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाण्याची वाट पाहावी लागली. ज्यांना पाणी मिळाले त्यांनी संकरित कापूस लावला, तर त्याचा भाव पडला. अशा वेळी सरकारने विकास कराच्या नोटिसा काढल्या. जमिनीला पाणी मिळाले म्हणजे तिची किंमत वाढली, तेव्हा त्या वाढीचा वाटा द्या, असा सरकारचा हिशेब होता. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र पाणीपट्टी, कर्ज आणि पडलेला भाव एवढेच होते.

२१ जुलै १९८० रोजी नवलगुंद आणि नरगुंदमध्ये मोर्चे चिघळले. पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले, आणि जमावाच्या हिंसेत पोलीसही मेले. तेव्हा काँग्रेसचे गुंडुराव मुख्यमंत्री होते. आग तालुक्यापुरती राहिली नाही, राज्यभर पसरली. त्याच वर्षी एच. एस. रुद्रप्पा, एन. डी. सुंदरेश आणि प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या पुढाकाराने रयत संघ उभा राहिला. जानेवारी १९८३मध्ये काँग्रेसची कर्नाटकातली सत्ता पहिल्यांदाच गेली. त्या पराभवामागे जी कारणे सांगितली जातात, त्यांत नरगुंदचे नाव येतेच. आजही २१ जुलै हा दिवस या भागात शेतकरी हुतात्म्यांचा म्हणून पाळला जातो.

मराठी वाचकाला हा काळ अनोळखी नाही. १९८०च्या शेवटी शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाचे आंदोलन पेटवले. ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून बसलेल्या तंबाखू उत्पादकांवर गोळ्या चालल्या. फरक एवढाच की जोशींचे भांडण भावाशी होते आणि मलप्रभेच्या शेतकऱ्याचे वसुलीशी. गावात परवानगीशिवाय अधिकाऱ्याने पाऊल टाकू नये, अशा पाट्या रयत संघाने वेशीवर लावल्या, त्या याच रागातून.

एक आमदार, दोन जागा

बाबागौडांचा दुहेरी विजय हा त्या रागाचा सर्वांत मोठा राजकीय मोबदला होता. त्यांनी कित्तूर ठेवले आणि धारवाड ग्रामीण सोडले. पोटनिवडणुकीत तिथून नंजुंडस्वामी निवडून आले. म्हैसूरकडच्या कायद्याच्या प्राध्यापकाला धारवाडच्या शेतकऱ्याने विधानसौधात पाठवले, ही गोष्ट त्या काळी जात-जिल्हा-नातेगोत्याच्या गणितात बसणारी नव्हती.

पण निवडून आल्यावर चळवळीचा रोख बदलला. नंजुंडस्वामींचे लक्ष जागतिक व्यापार कराराचा डंकेल प्रस्ताव, बियाण्यांचे पेटंट आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे होते. डिसेंबर १९९२मध्ये बंगळुरात कारगिल सीड्सच्या कार्यालयावर रयत संघाने हल्ला केला. १९९६मध्ये केंटकी फ्राइड चिकनचे दुकान फोडले. जगभर त्याची चर्चा झाली. त्यातले काही इशारे पुढे खरेही ठरले. मात्र नवलगुंदच्या शेपटाकडच्या गावाला पाण्याची पाळी कधी येणार, याचे उत्तर जिनिव्हातल्या व्यापार-वाटाघाटींत मिळणार नव्हते. नंजुंडस्वामी आणि बाबागौडा यांचे मार्गही वेगळे झाले.

तेवढ्यात हुबळीत राजकारणाचा विषयच पालटला. ऑक्टोबर १९९०मध्ये लिंगायत नेते वीरेंद्र पाटलांना काँग्रेसने मुख्यमंत्रिपदावरून काढल्याने लिंगायत समाज त्या पक्षापासून दुरावला. हुबळीच्या ईदगाह मैदानावर तिरंगा फडकवण्याचा वाद पेटला आणि १५ ऑगस्ट १९९४ रोजी शहरात पोलीस गोळीबार झाला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भाजप ४ जागांवरून ४० वर गेला. रयत संघाला एकच जागा मिळाली, तीही मंड्याकडच्या पांडवपुरात के. एस. पुट्टण्णय्यांची. ज्या शेतकऱ्याने १९८९मध्ये रयत म्हणून मत दिले होते, तो पाच वर्षांनी दुसऱ्या ओळखीने मतदान केंद्रावर गेला.

या पार्श्वभूमीवर बाबागौडांचा पुढचा टप्पा समजतो. १९९८मध्ये ते भाजपच्या तिकिटावर बेळगावातून लोकसभेवर गेले आणि वाजपेयी मंत्रिमंडळात ग्रामीण विकास खात्याचे राज्यमंत्री झाले. दिल्लीतले हे पद शेतकरी नेत्यासाठी योग्यच होते, पण सरकार तेरा महिन्यांत एका मताने पडले. १९९९मध्ये बेळगावची जागा काँग्रेसचे अमरसिंह पाटील घेऊन गेले. मे २०२१मध्ये बाबागौडा गेले.

सांगोल्याची तुलना

आता मलप्रभेप्रमाणेच कृष्णेच्या खोऱ्यातला, पण महाराष्ट्रातला दुसरा शेतकरी आमदार पाहू. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे गणपतराव देशमुख १९६२मध्ये सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षातर्फे विधानसभेत गेले. १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव सोडले तर २०१४पर्यंत ते अकरा वेळा निवडून आले. पक्ष राज्यभर आटत गेला, पण सांगोला टिकून राहिला. शरद पवारांच्या १९७८च्या आणि विलासराव देशमुखांच्या १९९९च्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. तरी लोकांना ते आठवतात एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणून.

नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. त्यांच्या मागे सूतगिरणी होती, रोजगार हमीच्या कामांचा पाठपुरावा होता, आणि नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीत भरवलेली दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद होती. १९९३पासून ती परिषद दरवर्षी कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी घेऊन बसायची. टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांचे पाणी हलण्यात या हट्टाचा वाटा आहे. सांगोल्यात पाणी नव्हते, म्हणून आमदाराला रोज कामाला लागावे लागले. नवलगुंदमध्ये पाणी आधी आले आणि त्याचा हिशेब नंतर, म्हणून तिथे आधी भडका उडाला.

शपथ आणि गोळी

रयत संघ विरला, पण शेतकऱ्याचे नाव उच्चारल्याशिवाय कुणाचे चालेना. ३० मे २००८ रोजी भाजपच्या येडियुरप्पांनी शेतकऱ्यांच्या नावाने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. अकराव्या दिवशी हावेरीत खतासाठी रांगा लावलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळी झाडली. हावेरी १९९७पर्यंत धारवाड जिल्ह्याचाच भाग. २०११मध्ये याच सरकारने राज्याचा पहिला स्वतंत्र कृषी अर्थसंकल्प मांडला. शपथ, गोळी आणि अर्थसंकल्प, सगळे तीन वर्षांत.

मलप्रभेचे धरण पुरे भरेना, तेव्हा नवा लढा गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीच्या पाण्यासाठी उभा राहिला. खानापूर तालुक्यातल्या कळसा आणि बंडुरी या ओढ्यांचे पाणी मलप्रभेत वळवा, ही मागणी घेऊन जुलै २०१५पासून नरगुंदला धरणे सुरू झाले. २७ जुलै २०१६ रोजी म्हादई पाणीवाटप लवादाने ७.५६ टीएमसीचा अंतरिम दिलासा नाकारला आणि नवलगुंद पुन्हा पेटले. १४ ऑगस्ट २०१८च्या अंतिम निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळाले, त्यातले वळवण्यासाठी ३.९. गोव्याचा विरोध संपलेला नाही. यावेळी हुबळी शहरही शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, कारण जुळ्या शहरांच्या नळाचे पाणी याच धरणातून येते. हुबळीतल्या दुर्गदबैलच्या बाजाराचेही तसेच आहे. कापूस, मिरची, कांद्याचा भाव पडला की इथल्या कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांत खेड्यातले गिऱ्हाईक दिसेनासे होते. शेतकरी आमदाराचे यशापयश हा फक्त खेड्याचा विषय आहे, असे शहराने म्हणण्यात अर्थ नाही.

आज नवलगुंदची जागा पक्ष बदलून फिरते. २०१३मध्ये एन. एच. कोनरड्डी जनता दल (सेक्युलर)कडून निवडून आले, २०१८मध्ये भाजपचे शंकर पाटील मुनेनकोप्प, २०२३मध्ये पुन्हा कोनरड्डी, पण काँग्रेसकडून. प्रत्येकाच्या भाषणात म्हादई असते. उलट मंड्यात पुट्टण्णय्यांचे चिरंजीव दर्शन २०२३मध्ये मेलुकोट्यातून निवडून आले, आणि २०२४मध्ये गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून. तिथे घराण्याचे नाव चालले हे खरे, पण ते नाव ज्या संघटनेवर चालते ती आधी उभी केलेली होती. बाबागौडांच्या मागे तशी संघटना राहिली नाही.

नवलगुंदच्या रागाने सरकार हलवून दाखवले आणि शेजारच्या धारवाड ग्रामीण, कित्तूर या दोन जागा जिंकूनही दाखवल्या. कालव्याच्या शेपटापर्यंत पाळी पोहोचते की नाही हे दर हंगामात तपासणारी माणसे मात्र नवलगुंदमध्ये उभी राहिली नाहीत. ते काम कंटाळवाणे आहे, त्यावर मोर्चे निघत नाहीत आणि वर्तमानपत्रांत मथळे येत नाहीत. शेतकरी आमदाराची कारकीर्द मोजायची तर त्याच कामावर मोजावी लागेल, आणि मतदारालाही उमेदवाराकडून आधी तेवढाच हिशेब मागावा लागेल.