सोनचाफ्यापासून व्हायोलेटपर्यंत

एकाच घरात कुणाला मोगरा जीव की प्राण असतो आणि कुणाचं त्याच वासानं डोकं दुखतं. याला नखरा म्हणणं अन्यायाचं आहे. २०२२ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकारीवर जगणाऱ्या समूहांपासून महानगरातल्या रहिवाशांपर्यंत, जगातल्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांना तेच दहा वास हुंगायला दिले आणि आवडीप्रमाणे क्रम लावायला सांगितलं. व्हॅनिलिन सगळ्यांत वर आलं, तर घामट पायांचा वास असलेलं आयसोव्हॅलेरिक आम्ल तळाला गेलं. मात्र क्रमवारीत एकूण जो फरक दिसला, त्यात संस्कृतीचा वाटा होता जेमतेम ६ टक्के. वासाच्या रेणूचा सुमारे ४१ टक्के आणि व्यक्तिगत आवडीचा सुमारे ५४ टक्के.

म्हणून नवा परफ्यूम शोधताना खपाचे आकडे, ‘पुरुषांसाठी’ किंवा ‘स्त्रियांसाठी’ ही लेबलं आणि जाहिरातीतले चेहरे यांचा उपयोग फार थोडा. सुरुवात करायची ती आपल्याला आधीपासून आवडणाऱ्या वासांपासून, आणि त्या वासांमागे कोणते रेणू आहेत हे पाहून.

आपल्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. या ग्राहींच्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१मध्ये शोधलं आणि २००४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही जनुकं प्रत्येकाची थोडी वेगळी असतात आणि तो फरक थेट वासात उतरतो. बीटा-आयोनोन हा व्हायोलेटच्या फुलाचा वास असलेला रेणू घ्या. २०१३मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं, की तो किती तीव्रतेनं जाणवतो हे जवळजवळ पूर्णपणे एकाच जनुकातल्या एका बदलावर ठरतं. ज्यांचं नाक त्याला संवेदनशील, त्यांना तो फुलासारखा वाटतो. इतरांना आंबट, उग्र. तेव्हा एकाच बाटलीबद्दल दोन मैत्रिणी भांडत असतील, तर दोघीही खरं बोलत असू शकतात.

हाच आयोनोन आपल्याकडच्या सोनचाफ्यातही असतो. वसईच्या वाड्यांतून पहाटे मुंबईच्या बाजारात येणाऱ्या त्या पिवळ्या फुलांच्या गंधात इंडोल आहे, गुलाबातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल आहे आणि आयोनोनचं कुटुंबही आहे. सोनचाफ्यावर जीव असलेल्या माणसाला ‘चंपा’ लिहिलेल्या बाटल्याच दाखवल्या जातात. त्यानं व्हायोलेट आणि आयरिसच्या परफ्यूमकडे वळून पाहावं असं मला मनापासून वाटतं. आयरिसच्या मुळांतला आयरोन हा आयोनोनचा सख्खा नातेवाईक. किंबहुना त्याचा पाठलाग करतानाच टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३मध्ये आयोनोन तयार केलं. त्यानंतर व्हायोलेटचा महागडा गंध आवाक्यात आला. गेर्लाँचं १९०६ सालचं ‘आप्रे लाँदे’ हे याच घराण्यातलं.

नातेवाईक ओळखायचे कसे? ‘नोट्स’ म्हणून जी यादी छापतात, तिच्यावर फार विसंबू नये. ते वासाचं वर्णन असतं, घटकांची यादी नसते. लिली ऑफ द व्हॅली या फुलाचा अर्क काढता येत नाही, तरी शेकडो परफ्यूमवर त्याचं नाव असतं. जास्त प्रामाणिक मजकूर सापडतो खोक्याच्या मागे, बारीक अक्षरांत. अ‍ॅलर्जी होऊ शकते अशा २६ सुगंधी पदार्थांची नावं छापणं युरोपनं सक्तीचं केलं आणि पुढे ती यादी आणखी वाढवली. नियम त्वचेच्या काळजीपोटी आला, पण आवडीचा माग काढायलाही तो उपयोगी पडतो. ‘अल्फा-आयसोमिथाइल आयोनोन’ दिसलं तर व्हायोलेटचा वंश आहे. ‘कुमारिन’ म्हणजे वाळलेल्या गवताचा गोडसर वास. १८८२च्या ‘फुजेर रॉयाल’पासून तो परफ्यूममध्ये आहे. आवडत्या तीन बाटल्यांवर एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर चौथी कुठे शोधायची याचा धागा मिळाला. अर्थात प्रमाण तिथे छापलेलं नसतं आणि कस्तुरीगंधी रेणूंसारखे अनेक महत्त्वाचे घटक त्या मूळ यादीत नाहीतच. वाळ्याच्या पडद्यांचा वास आवडत असेल, तर मात्र ‘व्हेटिव्हर’ हे नाव दर्शनी भागावरच शोधावं. हैती आणि जावाहून येणारं ते तेल म्हणजे आपला वाळाच.

काही आवडी मात्र अनुभवातून घडतात. मिथाइल सॅलिसिलेटचा वास अमेरिकेत मिठाईचा म्हणून आवडतो, ब्रिटनमधल्या एका पिढीला तो औषधी म्हणून नकोसा होता. आपल्याला तो वास आला की पाठीला चोळायचा बाम आठवतो.

दुकानात कागदी पट्टीवर मारलेला फवारा पहिल्या काही मिनिटांत लिंबू-संत्र्याचे हलके, चटकन उडून जाणारे रेणू पुढे करतो. बाटली विकली जाते ती याच मिनिटांत. चंदन, वाळा, कस्तुरी यांचे जड रेणू उरतात तासांनंतर, आणि दिवसभर सोबत राहायचं असतं त्यांच्याशीच. म्हणून मनगटावर एक थेंब लावून घरी यावं, संध्याकाळी पुन्हा हुंगावं. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त वास घेऊ नयेत, नाक थकतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत आहे, पण २०११च्या एका प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दुकानाबाहेर जाऊन मोकळा श्वास घेणं तितकंच चालतं.

२०२३मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनात संगणकानं वासांचा एक नकाशा तयार केला, केवळ रेणूची रचना पाहून त्याच्या वासाचं वर्णन केलं आणि ते बऱ्याचदा प्रशिक्षित माणसांच्या सरासरी मताच्या जवळ गेलं. या नकाशातून नवे गंध सापडतील याचा मला आनंद आहे, पण तो सरासरी नाकाचा आहे, आपल्या अंगाचा नाही. चेक संशोधकांच्या २०१२च्या प्रयोगात स्वेच्छेनं निवडलेला परफ्यूम आणि दुसऱ्यानं दिलेला, हे दोन्ही नुसते हुंगताना सारखेच आवडले. अंगाच्या वासात मिसळल्यावर मात्र स्वतः निवडलेला सरस ठरला. वाढदिवसाला कुणाला परफ्यूम द्यायचा असेल, तर मोठ्या बाटलीऐवजी चार-पाच सॅम्पलच्या छोट्या कुप्या द्याव्यात आणि निवड त्यांच्यावर सोपवावी.