रॅम्बोच्या प्रश्नातील गृहीत

१९८५ च्या ‘रॅम्बो : फर्स्ट ब्लड पार्ट टू’ ह्या चित्रपटातील अतिरंजित संहार आज पुन्हा पाहताना हास्यास्पद वाटतो; त्याच्या आरंभीचा एक प्रश्न मात्र विचारणीय आहे. व्हिएतनामला पाठविला जाणारा रॅम्बो कर्नल ट्राउटमनला विचारतो, ‘ह्या वेळी आम्हांला जिंकू देतील का?’

‘आम्ही जिंकू का?’ ह्या प्रश्नात सामर्थ्याविषयी शंका असते. ‘जिंकू देणे’ ह्या अनुमतिदर्शक रचनेत, तसेच मूळ इंग्रजी ‘गेट टू विन’मध्ये, सामर्थ्य गृहीतच असते; पूर्वीच्या पराभवाचा दोष अनुमती नाकारणाऱ्या अनुक्त कर्त्याकडे जातो. उत्तर काहीही असो, हे गृहीत अबाधित राहते. पुढे मर्डॉक हा अधिकारी रॅम्बोला शत्रूच्या हाती सोडतो आणि त्या कर्त्याची रिक्त जागा भरली जाते. १९७५ साली संपलेल्या युद्धातील पराभवाची मीमांसा अशा रीतीने प्रश्नाच्या रचनेतच आटोपते.