संगणक कक्षात आवाज बंद झाला तर काय तपासावे?



आमच्या गंगापूर तालुक्यात ऊसतोडीहून परतणारी काही मुलं वाचनात मागे पडलेली असतात. त्यांना मी आधी गोष्टी ऐकवते. ऐकून शब्द ओळखीचे झाले की वाचन सोपं जातं. दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हरवरची उबंटू 22.04 ही प्रणाली 24.04 केली आणि शाळा उघडल्यावर एकाही हेडफोनमध्ये आवाज येईना! तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका.

आवाज येतो कसा?

थिन क्लायंट म्हणजे कमी ताकदीचा छोटा डबा. गोष्ट चालते सर्व्हरवर, चित्र दिसतं डब्यावर. आवाजालाही नेटवर्कमधून डब्यापर्यंत यावं लागतं. ही ने-आण साउंड सर्व्हर करतो, अगदी पोस्टमनसारखी.

बिघडलं काय?

22.04 मध्ये हे काम पल्सऑडिओ करायचा. उबंटूने 22.10 पासून त्याच्या जागी पाइपवायर आणला. नवा पोस्टमन जुन्याची भाषा बोलतो, पण जुन्याची वही वाचत नाही. डिफॉल्ट-डॉट-पीए या फाइलमध्ये लिहिलेली 'नेटवर्कवरून आवाज घे' ही सूचना त्याला कळतच नाही. डब्यांची प्रणालीही सर्व्हरवरूनच जात असेल, तर तीही बदललेली असते.

क्रमाने तपासा

1. हेडफोनची पिन पाहा. डब्यावर अल्सामिक्सर उघडा. पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर आवाज दाबलेला आहे. एम हे बटण दाबा.

2. मुलाच्या लॉगिनमधून टर्मिनलमध्ये 'पीएसीटीएल इन्फो' ही आज्ञा द्या (इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा). 'सर्व्हर स्ट्रिंग'पुढे डब्याचा पत्ता हवा. सर्व्हरचाच पत्ता असेल तर आवाज सर्व्हरकडेच जातोय! मग 'पल्स_सर्व्हर' या चलात डब्याचा पत्ता भरला जातो का ते पाहा.

3. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पत्ता बरोबर, पण दार बंद. डब्याच्या पाइपवायर-पल्सच्या फाइलमध्ये सर्व्हर-अ‍ॅड्रेसच्या यादीत टीसीपी 4713 ही ओळ चालू करा. डब्यांसाठीची प्रत नव्याने बनवा आणि डबे बंद करून सुरू करा.

4. सगळं बरोबर, पण 'डमी आउटपुट' दिसतंय? मग डब्याचं साउंड कार्डच ओळखलं गेलेलं नाही. तंत्रज्ञांना बोलवा.

एक काळजी घ्या. 4713 हे दार फक्त कक्षातल्या नेटवर्कपुरतंच उघडं ठेवा. नाहीतर बाहेरचा माणूस मायक्रोफोनमधून वर्गातलं बोलणं ऐकू शकतो.

आमचं दुखणं तिसऱ्या पायरीवर सापडलं. आधी एकाच डब्यावर करून पाहिलं, मग बाकीचे केले. पुढच्या वेळी अपग्रेडआधीच एका डब्यावर चाचणी घेणार आणि जुन्या फाइलींची प्रत ठेवणार. तुम्हीही ठेवा. मुलांचा ऐकण्याचा तास बुडायला नको.