बंब तापेपर्यंत

सेमाडोहला लोक शांततेसाठी येतात. शनिवारी अमरावती-अकोल्याच्या गाड्या परतवाड्याहून घाट चढतात. माणसं वनखात्याच्या संकुलात सामान टाकतात आणि सिपना नदीच्या काठाकडे बघत म्हणतात, काय शांत आहे हो इथं! मी त्याच गावात आरोग्यसेविका आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा, नवरा धारणीला नोकरीला. माझ्या घरात शांतता असते ती पहाटे, आणि तीही पितळेच्या बंबात पाणी तापेपर्यंतच.

आमच्या मंडळीत याला ‘शांत समय’ म्हणतात. माझं माहेर अचलपूरचं. कोरकू आदिवासींमध्ये काम करायला एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशनऱ्यांच्या मागोमाग तिकडे ख्रिस्ती घरं झाली, त्यातलं एक आमचं. शब्बाथशाळेत शिकवलं होतं : रोज एक उतारा, मग प्रार्थना, मग वहीत टिपण. लग्नाआधी मी तीन रंगांच्या पेनांनी टिपणं काढत असे. ती वही आता लेकीच्या चित्रांसाठी आहे.

आता सगळी तयारी आदल्या रात्री. बंबातली राख काढायची, पाणी भरायचं, काटक्या बारीक-जाड अशा क्रमानं रचून ठेवायच्या, काडेपेटी डाव्या हाताला. सकाळी एकाच काडीत पेटलं पाहिजे, कारण दुसऱ्या काडीच्या आवाजानं धाकटा कूस बदलतो. गजर लावत नाही. गजरानं आधी तोच उठतो. मागच्या दाराच्या कडीला दर रविवारी खोबरेल तेल. पाच वाजायच्या आत जाळ धरला, तर पाणी तापायला वीस-पंचवीस मिनिटं. त्यातली पहिली दहा धुरात आणि फुंकण्यात जातात. जाळ स्थिरावला, की उरलेला वेळ माझा.

मोठं पवित्र शास्त्र मी आत ठेवते, त्याची पानं वाजतात. बाहेर नेते ती स्तोत्रांची सुटी पुस्तिका. या थंडीत एकशे एकोणिसावं स्तोत्र घेतलं. एकशे शहात्तर ओव्या, सगळ्या स्तोत्रांत लांब; पण ते हिब्रू वर्णमालेवर बांधलेलं आहे, बावीस अक्षरांचे बावीस भाग, प्रत्येकात आठ ओव्या. एका बंबाला आठ ओव्या नेमक्या बसतात. बावीस दिवसांत संपायला हवं होतं. दोन महिने झाले, मी बाराव्या भागावर होते.

कारण मध्येच आतून हाक येते, “आई, मले सू लागली.” मग तो मांडीवर येऊन बसतो. उरलेली प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायची, एक हात त्याच्या पोटावर, कारण त्याला बंबाच्या तोटीचं फार आकर्षण. शनिवारी नवरा येतो. रविवारी बंब तो पेटवतो, म्हणजे मला पूर्ण अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात मी झोपते.

मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पूर्वी माझं लक्ष त्या पहाटेकडे जायचं, आता शिमोनाकडे जातं. तो सोबत्यांसह शोधत येतो आणि सांगतो, सगळे तुम्हाला शोधताहेत. पाच मिनिटं थांब, असं येशू त्याला म्हणाल्याचं मार्कानं लिहिलेलं नाही. सगळे उठून पुढच्या गावांना निघतात.

कवी ना. वा. टिळकांची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पाळक सांगतो. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचायला सुरुवात करण्यापुरता तरी पुरुषाला रेल्वेचा डबा मिळतो! त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्याआधीच्या वर्षांत काही काळ त्या नवऱ्यापासून दूर, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन राहिल्या. त्या घरात वेळ कोणाला कसा मिळाला, हे पाळकांनी एकदा सांगावं. परतवाड्याच्या एसटीत मीही वाचून पाहिलं. घाटाच्या वळणांवर तिसऱ्या ओळीला मळमळतं.

मार्च लागला आणि बंब बंद झाला. थंड पाण्यानं आंघोळी, म्हणून जाळ नाही, म्हणून बसायला निमित्त नाही. पहाटे उठून मागच्या ओट्यावर नुसतीच उभी होते. शेजारची कोरकू बाई टोपली घेऊन मोहाला निघाली होती. मोहाची फुलं रात्रभर गळतात. उजाडायच्या आत वेचली तर हाती लागतात, नाही तर जनावरं खातात. अस्वलालाही ती आवडतात, म्हणून बाया एकट्या जात नाहीत, बोलत-बोलत जातात. तिचं झाड गावालगतच, आमच्या ओट्यावरून दिसणारं. खालचा पाला आधीच जाळून जमीन साफ केलेली.

तेवढ्यात धाकटा उठून आलाच. ती थांबली. हिवाळाभर तिनं मला बंबापाशी पाहिलं असणार. काय करते ते कधी विचारलं नाही.

“सिस्टर, पुस्तक वाचा तुमी. पोराले मी नेतो.”

त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी ओट्यावर बसले आणि तेरावा भाग काढला. झाडाखालून त्यांचं बोलणं येत होतं, ती कोरकूत, तो वऱ्हाडीत. आठ ओव्या संपल्या तरी कोणी आलं नाही, म्हणून चौदाव्यातल्या तीन वाचल्या. मग तो आला, दोन्ही मुठींत मोहाची फुलं, आणि चिकट हातानं त्यानं पुस्तिका धरली.